जखमेतल्या अळ्या: इंजेक्शन आधी की नंतर?

प्रश्न: जुवाने बैलाच्या खांद्याला जखम होऊन अळ्या पडल्या. आयव्हरमेक्टिनचं (अळ्या-जंत मारणारं औषध) इंजेक्शन दिलं, तरी तिसऱ्या दिवशीही घाण वास येतोय. औषध बनावट असेल का? (वाचक, सांगली जिल्हा)

उत्तर: आधी जखमेच्या आत काय राहिलंय ते बघा. आयव्हरमेक्टिन कोवळ्या अळीवर चांगलं चालतं, मोठी झालेली अळी त्याला सहज दाद देत नाही. ज्या अळ्या मरतात त्या आपोआप बाहेर पडत नाहीत, मांसाच्या कप्प्यात तिथेच कुजतात. वास त्याचाच असतो. म्हणून हाताने साफ केल्याशिवाय सुटका नाही.

जखमेभोवती दोन इंचांपर्यंतचे केस कातरा. या अळ्या शेपटीकडून श्वास घेतात. तोंड मांसात आणि शेपूट वर असते. टर्पेंटाइनमध्ये भिजवून पिळलेला गॉजचा बोळा जखमेत दहा मिनिटं ठेवला की हवा कोंडून त्या वर येतात. चिमट्याने अख्ख्या ओढा, तोडू नका. खाली पडू देऊ नका, कारण त्या मातीत शिरून कोष करतात आणि पुढच्या माश्या तिथूनच उठतात. उकळत्या पाण्याच्या डब्यात टाका. मग 1 लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात 9 ग्रॅम मीठ घालून जखम धुवा, आत पोव्हिडोन आयोडीन आणि कडेला माशी न बसू देणारं मलम लावा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा: माशी जखमेच्या कडेला एकावेळी शंभराहून जास्त अंडी घालते आणि ती दिवसाभरात फुटतात. खांदा भरेपर्यंत जू नको. जखम खोल असेल किंवा बैलाला ताप असेल तर पशुवैद्यकाला बोलवाच.

पेट्रोल, फिनाईल किंवा डांबरगोळीची पूड मात्र नको. अळी मरते, पण जिवंत मांसही भाजतं आणि जखम दुप्पट दिवस घेते.

प्रश्न: मग इंजेक्शन आधीच द्यावं का? खोंड खच्ची करायचेत. (वाचक, परभणी जिल्हा)

उत्तर: हो, त्याचा खरा उपयोग तिथेच आहे. जखम करायची त्याच दिवशी दिलं, तर अंड्यातून निघालेली अळी खाता खाता मरते. मात्रा 1 टक्का द्रावणाची, दर 50 किलो वजनाला 1 मिली, फक्त कातडीखाली, मानेच्या किंवा खांद्यापुढच्या सैल कातडीत. शिरेत कधीच नाही. डोस बहुतेक वेळा वजनाच्या अंदाजात चुकतो. फीत वापरा: छातीचा घेर इंचात, त्याचा वर्ग गुणिले शरीराची लांबी इंचात, भागिले 660, म्हणजे किलो. घेर 60, लांबी 50 असेल तर सुमारे 273 किलो, म्हणजे साधारण साडेपाच मिली. तरीही हे पूर्ण कवच नव्हे. जखम रोज पाहावी लागते. बर्डिझो चिमट्याने (बाहेरून नस चिरडणारा चिमटा) खच्ची केल्यास कातडी फाटत नाही, म्हणजे माशीला जखमच मिळत नाही. शक्य असेल तर हे काम हिवाळ्यात करा, तेव्हा माशी कमी असते.

प्रश्न: दुभत्या गाईलाही द्यावं का? आणि नव्या वासराच्या बेंबीचं काय? (वाचक, कोल्हापूर जिल्हा)

उत्तर: दुभत्या गाईला आयव्हरमेक्टिन नको. ते चरबीत साठतं आणि दुधातून बरेच दिवस उतरत राहतं. ते दूध घरातलं मूलही पितं आणि डेअरीलाही जातं. तिची जखम हाताने साफ करणं आणि मलम, इतक्यावरच सांभाळा. विण्याच्या तोंडाशी आलेल्या गाईच्या बाबतीत पशुवैद्यकाला विचारूनच ठरवा.

वासराची नाळ पोटापासून एक इंचावर स्वच्छ दोऱ्याने बांधा, पुढे कापा आणि टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवा. सुकेपर्यंत रोज दोनदा आयोडीनमध्ये बुडवत राहा. वासराला औषध द्यायचं ठरलं, तर 30 किलोला 0.6 मिलीच, तेही 1 मिलीच्या सिरिंजने. मोठ्या सिरिंजने इतकं बारीक मोजता येत नाही आणि डोस सहज दुप्पट होतो.