लो झाली की बरं वाटतं

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की माझ्यासारख्या समुपदेशकाकडे इन्सुलिन घेणाऱ्यांचे फोन वाढतात. घरोघरी नेवऱ्या (करंज्या) तळायला सुरुवात व्हायच्या आधीच. कॉलेजातली मुलं, नुकतंच लग्न झालेल्या मुली, एकदा तर पन्नाशीचे एक शिक्षक. गाऱ्हाणं मात्र एकच: खाल्लं की अपराध्यासारखं वाटतं आणि नाही खाल्लं तर डोक्यात खाण्याशिवाय दुसरं काही येत नाही. “मी इतकी हावरट कशी हो?” असं एकीनं फोनवरच विचारलं होतं. अशांना मी जे सांगते, ते मला मेधानं शिकवलं. (नाव बदललंय, घरचे तपशीलही. तिला विचारूनच लिहितेय.)

मेधा तेवीस वर्षांची. गोव्यात कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका प्रयोगशाळेत कामाला. बाराव्या वर्षापासून टाईप वन मधुमेह, म्हणजे दिवसाला चार इंजेक्शनं: तीन जेवणांआधी एकेक आणि रात्रीचं एक. फोंड्याला माझ्या खोलीत बसता बसताच तिनं सांगून टाकलं, “डॉक्टरांनी पाठवलंय. मी चोरून खाते ना, म्हणून.”

मी तिला रोज काय खाते ते वहीत लिहायला सांगितलं. पंधरा दिवसांनी तिनं सुबक वही आणली. निळ्या शाईत खाणं, लाल शाईत शुगर. सकाळी नाचणीची भाकरी एक, दुपारी चपात्या दोन, रात्री चपात्या दोन. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा रोज सकाळी दारात वाजतो अशा घरातली मुलगी पंधरा दिवस पावाला शिवत नाही, हे मला तिथंच खटकायला हवं होतं. मी “छान” म्हणून पुढे गेले. वीस वर्षं हे काम करूनही अशी चूक होते. वही खोटी होती, आणि ती खोटी लिहायची पाळी मीच तिच्यावर आणली होती. घरी तिच्या ताटावर पाच जणांचे डोळे होतेच, त्यात माझे दोन वाढले.

घरातलं चित्र हळूहळू कळत गेलं. सगळ्यांना भात आणि माशाचं हुमण, मेधाला चपाती. फणस-आंबे आले की वाटे घालताना तिचं नाव गाळायचं. तिनं बोटाला सुई टोचली की स्वयंपाकघरातून आईचा आवाज: “किती आली गे?” एकशेदहा आली की कोणी काही बोलत नाही. दोनशेचाळीस आली की लगेच, “काय खाल्लंस?”

दोनशेचाळीसची कारणं डझनभर असू शकतात. इंजेक्शन जेवणानंतर घेतलं गेलं, पाळी जवळ आली, झोप झाली नाही, सर्दी-ताप आहे, एकाच जागी टोचून टोचून तिथं गाठ झाली आणि औषध नीट शोषलं गेलं नाही. घराला मात्र एकच कारण ठाऊक असतं.

चौथ्या भेटीत वही बाजूला ठेवली आणि सहज विचारलं, “शेवटचं गोड मजेत कधी खाल्लंस? चोरून नव्हे, मजेत.”

“गेल्या मंगळवारी,” ती चटकन म्हणाली. चेहरा खुलला होता. “शुगर लो झाली होती. चोपन्न. आईनं स्वतः बेसनाचा लाडू आणून दिला. दोन खाल्ले.”

“घाबरली नाहीस?”

“हात थरथरत होते, घाम आला होता. पण...” ती थांबली. बाहेर पाऊस लागला होता, पत्र्यावर इतका मोठा आवाज की मला वाटलं तिचं पुढचं वाक्य मी ऐकलंच नाही. पण ती बोललीच नव्हती. मीही बोलले नाही. समुपदेशकाला सगळ्यात उशिरा काय जमत असेल तर गप्प बसणं.

“लो झाली की बरं वाटतं, मॅडम,” शेवटी ती म्हणाली. “तेव्हा काय खाल्लंस असं कोणी विचारत नाही. खा, खा म्हणतात.”

आणि मग अगदी हळू आवाजात: “कधीकधी इन्सुलिन पूर्ण घेते आणि जेवते अर्धंच.”

मला आतून धस्स झालं. असं केल्यानं शुगर फार खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो, झटके येऊ शकतात, गाडीवर असला तर संपलंच. पण त्या क्षणी मी धोक्यावर बोलले असते तर मी तिची सहावी पहारेकरी झाले असते. मी एवढंच म्हटलं, “म्हणजे लाडू खायला तुला आधी आजारी पडावं लागतं.” ती रडली. हे तिनं अकरा वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं आणि मला सांगितलं, याचा मला आजही थोडा अभिमान आहे, तो लपवत नाही.

धोक्याचं बोलणं त्याच भेटीत झालं, पण रडणं ओसरल्यावर. तिनं माझ्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला आणि स्वतः सांगितलं. डोस बदलणं माझं काम नव्हे, ते त्यांनी केलं. आहारतज्ज्ञांनी तिला पिष्टमय पदार्थ मोजून त्याप्रमाणे इन्सुलिन घ्यायला शिकवलं. हुमणातल्या मासळीनं शुगर जवळपास वाढत नाही, हिशेब असतो तो भाताचा आणि पावाचा, हे तिला तेवीसाव्या वर्षी कळलं. लोवर लाडू हा उपायही चुकीचाच होता. तुपामुळे लाडवातली साखर रक्तात सावकाश जाते, तोवर घाबरून माणूस आणखी खातो आणि दोन तासांनी शुगर तीनशेवर. सत्तरच्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटं थांबायचं, परत तपासायचं. साखरेचं पाणी कोणाला मजेचं वाटत नाही. म्हणूनच ते बरं.

हावरटपणाचं काय? लो झाल्यावर फ्रीजच्या दारातच उभं राहून हाताला लागेल ते खाल्लं जातं, त्यात स्वभावाचा काही भाग नाही. मेंदूला साखर कमी पडली की तो जिवाच्या आकांतानं अन्न मागतो. शिवाय इन्सुलिन बनवणाऱ्या ज्या पेशी टाईप वनमध्ये नष्ट होतात, त्याच पेशी अमायलिन नावाचं आणखी एक संप्रेरक बनवतात. पोट भरल्याचा निरोप द्यायला ते मदत करतं. म्हणजे या माणसांचा ‘पुरे’ हा आवाज मुळातच बारीक असतो, आणि आपण त्यांनाच संयमाचे धडे देतो.

मी विचारांवर काम करणाऱ्यांपैकी. माणूस स्वतःशी कुठल्या शब्दांत बोलतो ते मला आधी ऐकायचं असतं. मेधाच्या बोलण्यात ‘चोरून’, ‘पकडले गेले’, ‘सुटले’ हे शब्द सारखे यायचे. हे पोलिस चौकीतले शब्द आहेत. ते बदलल्याशिवाय मोजमाप शिकून उपयोग नव्हता, कारण चोर हिशेब ठेवत नाही. चोरून खाल्लेल्या नेवरीसाठी इन्सुलिन घ्यायचं तर आधी ती खाल्ली हे स्वतःशी कबूल करावं लागतं. मेधा नेमकं तेच टाळायची. तिची शुगर चढायची ती निम्मी अधिक या न घेतलेल्या इन्सुलिनमुळे.

मग आईला बोलावलं. त्या खुर्चीच्या कडेला बसल्या, पर्स मांडीवर घट्ट. लेकीला दोष देतील असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, “मॅडम, ते माझ्यामुळे झालं. तिला तेव्हा सारखी तहान लागायची. मी आपली लिंबाचं सरबत करून देत होते. दिवसाला पाच-सहा पेले. साखर घालून.” चौथ्या दिवशी मुलीला अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं होतं.

अकरा वर्षं त्या बाई हे सरबत उरात घेऊन फिरत होत्या. मी सांगितलं की टाईप वन गोड खाऊन होत नाही. शरीराची रोगप्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या पेशींवर उलटते. तहान लागली तोवर आजार आत येऊन बसलेला होता. सरबतानं त्या दिवसांतली शुगर आणखी चढली असेल, आजार सरबतानं आला नाही. त्यांनी हे मला तीनदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, “तिच्या बाबांनाही सांगाल?”

त्यांना मी एक जुनी गोष्टही सांगितली. 1922 साली टोरांटोत पहिल्यांदा माणसाला इन्सुलिन दिलं गेलं. त्याआधी या मुलांना दिवस वाढवून मिळावेत म्हणून डॉक्टर जवळजवळ उपाशी ठेवत, त्यांच्या हातात तेवढंच होतं. आज इंजेक्शन फ्रीजमध्ये असूनही आपण घरात 1921 सालच चालवतो.

तीन आठवड्यांसाठी “काय खाल्लंस?” बंद, असं ठरलं. शुगरचा आकडा मेधा सांगेल तेव्हाच ऐकायचा, आणि विचारायचंच झालं तर “माझी काही मदत हवी काय?” पहिल्या आठवड्यात आईनं दोनदा नियम मोडला. बाबांनी एकदाही नाही, कारण ते मुळात बोलतच नाहीत.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणी बारीक राहण्यासाठी इन्सुलिन चुकवत असेल, तर ही गोष्ट बाजूला ठेवा आणि आजच डॉक्टरांना सांगा. तेही मी ऐकते, आणि वाटतं त्याहून जास्त वेळा. उलट्या, पोटदुखी, श्वास जोरजोरात चालणं असं काही असेल तर समुपदेशकाकडे येऊ नका, सरळ इस्पितळात जा. आणि घरच्यांनो, वेगळं ताट वाढणं थांबवा. प्रमाण वेगळं असू दे, पदार्थ तेच असू देत. लाडूचा डबा वरच्या फळीवर ठेवला की तो रात्री दीड वाजता खाली येतो, हे मी अनेक घरांबद्दल खात्रीनं सांगू शकते.

चवथीनंतर मेधा आली. मूळ घरी तीसेक माणसं, गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली पोरांचा दंगा. पानात नेवऱ्या वाढल्या गेल्या. तिनं दोन ठेवून घेतल्या, हिशेब करून इंजेक्शन आधीच घेतलं होतं, तेही आत खोलीत न जाता तिथंच पदर-दुपट्टा आडवा धरून. समोरच्या आतेनं विचारलंच, “तुला चालतं काय गे हे?”

“मी काही बोलायच्या आधी आई म्हणाली, ‘तिचं ती बघता. तुला सोलकढी वाढू?’”

“आणि शुगर?” मी विचारलं, आणि लगेच जीभ चावली.

मेधा हसली. “दोनशे चौदा. तुम्ही पण ना, मॅडम.”