एमसीबी असूनही आग कशी लागली?

प्रश्न : आम्ही नाशिकला पाच मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. गेल्या महिन्यात सासूबाईंच्या खोलीत रात्रभर हीटर सुरू होता. त्याच्या एक्स्टेन्शन बोर्डाने पेट घेतला, शेजारची रजई व गादी जळाली आणि सगळ्या खोलीत काजळी बसली. सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही. घरात एमसीबी (प्रवाह प्रमाणाबाहेर वाढला की वीज आपोआप तोडणारी कळ) असूनही तो ट्रिप का झाला नाही, म्हणजे वीज बंद का झाली नाही? रंगारी चार दिवसांत खोली पूर्ववत करून देतो म्हणतो. त्याला काम द्यावे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : रंगाऱ्याला तूर्त थांबवावे. घराचा विमा असेल, तर विमा कंपनीला ताबडतोब लेखी कळवावे, प्रत्येक जळालेल्या वस्तूचे छायाचित्र काढून ठेवावे आणि सर्व्हेअर पाहणी करून जाईपर्यंत काहीही भंगारात देऊ नये. अग्निशमन दलाकडून घटनेचा दाखलाही मागून घ्यावा, कारण दाव्यासाठी तो बहुधा लागतोच. सोसायटीचा विमा साधारणपणे इमारतीपुरता असतो. गादी-कपाटाची भरपाई त्यातून मिळेल असे गृहीत धरू नये. कपाटात नोटा जळाल्या असल्यास त्या सरळ करण्याच्या खटाटोपात पडू नये. करपून ठिसूळ झालेल्या नोटा बँकेच्या शाखेत बदलून मिळत नाहीत, त्या रिझर्व्ह बँकेच्या निर्गम कार्यालयाकडे द्याव्या लागतात.

काजळी तेलकट असते. ओल्या फडक्याने पुसली की ती भिंतीत आणखी मुरते आणि वर दिलेल्या रंगातून काही दिवसांनी पिवळट डाग उमटतात. म्हणून आधी मास्क लावून ती कोरडीच काढावी, मगच साबणाच्या पाण्याने पुसावे. छताचा गिलावा जेथे सुटला असेल किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज येत असेल, तेथे स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय लिंपण करू नये. तीव्र आचेने काँक्रीटला गुलाबी छटा येते असे आपण ऐकले असेल. मात्र आपल्याकडील काळ्या दगडाच्या खडीत ती दिसेलच असे नाही, त्यामुळे रंग बदलला नाही म्हणून निर्धास्त राहू नये.

आता एमसीबीविषयी. बहुतेक घरांत हीच गैरसमजूत आढळते. दोन हजार वॅटचा हीटर २३० व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर प्रवाह घेतो. त्या वाहिनीवर १६ अँपिअरचा एमसीबी असेल, तर त्याच्या दृष्टीने यात काहीच वावगे नसते. परंतु बोर्डाची बारीक वायर आणि ६ अँपिअरचे सॉकेट तासन्‌तास तेवढा भार सोसू शकत नाहीत. त्यातच पिन सैल बसली असेल, तर त्या एका बिंदूवर उष्णता साठत जाते, प्लास्टिक मऊ होते, काळे पडते आणि अखेर पेटते, आणि या सगळ्या वेळात प्रवाह वाढलेला नसल्यामुळे एमसीबी स्वस्थ बसून राहतो. प्लग काढताना तो हाताला गरम लागणे किंवा सॉकेटच्या छिद्राभोवती तपकिरी डाग दिसणे, ही आधी मिळणारी सूचना असते. हीटर भिंतीवरील १६ अँपिअरच्या सॉकेटलाच लावावा, अंथरुणापासून किमान तीन फूट दूर ठेवावा आणि झोपण्यापूर्वी बंद करावा. सासूबाईंना थंडी फार बाधत असेल, तर निजण्याआधी तासभर खोली तापवून दार लावून घेतलेले बरे. जळालेल्या खोलीतील वायरिंगचे इन्सुलेशन परवानाधारक वायरमनकडून मेगरने (इन्सुलेशन मोजण्याच्या उपकरणाने) तपासून घेईपर्यंत तेथील वीज सुरू करू नये.

आपण विचारले नाही, तरी दाराबद्दल लिहितो. ९ जानेवारी २०२२ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील १९ मजली इमारतीत अशीच एका हीटरमुळे आग लागली. ज्वाळा एका घरापुरत्या आणि बाहेरच्या बोळापुरत्याच राहिल्या, पण आपोआप मिटायला हवा असलेला घराचा दरवाजा उघडा राहिला, धूर जिन्यातून वर चढला आणि १७ जण दगावले. बाहेर पडताना खोलीचे आणि घराचे दार ओढून घ्यावे, आणि १०१ क्रमांक खाली पोहोचल्यावर फिरवावा. लिफ्टकडे वळूच नये.

जिन्याखालच्या मीटर खोलीला टेकून दुचाकी लावण्याची आणि बोळात चपलांची कपाटे ठेवण्याची आपल्या सोसायट्यांची जुनी सवय, जिना आणि बोळ हीच बाहेर पडण्याची वाट असल्यामुळे, जिवावर बेतते. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाखाली इमारतीतील अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र, म्हणजेच नमुना ‘ब’, दर जानेवारीत आणि जुलैत सादर करावे लागते. सचिवांकडे मागील प्रमाणपत्राची प्रत मागावी आणि त्यावरची तारीख पाहावी.