कान दुखतो, आवाज सोसत नाही आणि रिपोर्ट नॉर्मल

गणपती गेले की दोन-तीन आठवड्यांनी अशी पत्रं यायला लागतात, दरवर्षीचंच आहे. यावेळी चार घेतलीत. पहिलं उत्तर लांबलंय, कारण बाकीच्यांचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

प्रश्न : मॅडम, मी २४ वर्षांचा, मंगळवार पेठेत राहतो. विसर्जनाला महाद्वार रोडवर आमच्या मंडळाच्या डॉल्बीपुढं चार-पाच तास नाचत होतो, मधी मधी तर बेसच्या पेटीला टेकूनच. रात्री कानात शिट्टी वाजत होती, दोन दिवसांत गेली, म्हटलं सुटलो. आठवड्यानं आईनं कुकरचं झाकण कट्ट्यावर ठेवलं आणि कानात दाभण घातल्यासारखं झालं. तवापासून ताट, हॉर्न, पुंगळी काढलेली बुलेट, कायच सोसत नाय. कधी लगेच दुखत नाय, संध्याकाळी दुखतं, पार जबड्यापर्यंत जळजळ. कानाच्या डॉक्टरांना दाखवलं, ऑडिओग्राम नॉर्मल, टेन्शन घेऊ नका म्हणाले. आता दिवसभर फोमचे प्लग घालून असतो, झोपतानापण, तरी वाढतच चाललंय. मित्र म्हणतात नाटक करतोय. मला वेड लागलंय का?

उत्तर : नाही रे बाबा, वेड नाही आणि नाटकपण नाही. याला हायपरअॅक्युसिस म्हणतात, म्हणजे बाकीच्यांना साधा वाटणारा आवाज तुला जास्त मोठा लागतो, आणि तुझ्यासारखं आवाजानं प्रत्यक्ष दुखत असेल तर तो त्यातला जरा हट्टी प्रकार. (डॉल्बी हे खरं तर एका कंपनीचं नाव, पण कोल्हापुरात साऊंडच्या भिंतीलाच डॉल्बी म्हणतात, आपणपण तेच म्हणू.)

आधी रिपोर्टचं बोलू, कारण सगळे तिथंच अडकतात. ऑडिओग्राममध्ये आम्ही २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे सूर वाजवतो आणि तुला कमीत कमी किती आवाज ऐकू येतो एवढंच बघतो. किती आवाजाला त्रास होतो हे त्यात विचारलेलंच नसतं, मग कागदावर दिसणार कुठनं? त्यासाठी वेगळी तपासणी असते, आवाज हळूहळू वाढवत न्यायचा आणि तू 'बास' म्हणालास की थांबायचं. साधारण माणूस १०० डेसिबलच्या आसपास बास म्हणतो, तुझ्यासारखी मंडळी ७०-८० लाच हात वर करतात. ऑडिओलॉजिस्टला (ऐकण्याची तपासणी करणाऱ्याला) 'लाऊडनेस डिस्कम्फर्ट लेव्हल' असं नाव घेऊन ही तपासणी माग, पण आत जाताच सांगून ठेव की मला आवाजानं दुखतं. कारण कानाच्या पडद्यामागचं प्रेशर बघायच्या मशीनवर रिफ्लेक्सची एक टेस्ट करतात, तिचे सूर चांगलेच मोठे असतात आणि काही पेशंट तिथनंच आणखी बिघडून घरी येतात. एमआरआय काढायला सांगितला तर तेच, ते मशीन खडखडाट करतं, प्लग आणि वरनं मफ (हेडफोनसारखं कान झाकणारं आवरण) घातल्याशिवाय आत जायचं नाही. दात साफ करायच्या मशीनचंपण तसंच, तो आवाज हाडातनं थेट कानात जातो, तिथं प्लगचा उपयोग नाही.

आता झालं काय असेल. कानाच्या आत शंखासारखा भाग असतो, त्यात बारीक केसांच्या पेशी असतात, एका कानात साधारण १५ हजार, आणि माणसात त्या एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. ८५ डेसिबलला ८ तास ही कामाच्या ठिकाणची मर्यादा जगात बऱ्याच ठिकाणी वापरतात, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करायचा, म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २, असं करत १०० ला जेमतेम १५ मिनिटं. पेटीला टेकून चार तास म्हणजे हिशोब तूच कर. शिट्टी दोन दिवसांत गेली म्हणून तू सुटलो म्हणालास, पण शिट्टी जाणं म्हणजे नुकसान भरून आलं असं नाही. आतून येणारा सिग्नल कमी पडला की मेंदू आपला व्हॉल्यूम वाढवून बसतो, रेंज नसलेल्या रेडिओचा आवाज आपण वाढवतो आणि मग मधेच स्टेशन लागलं की दचकतो, तसं. दुसरं म्हणजे मधल्या कानात एक बारीक स्नायू असतो, पडदा ताणून धरणारा, त्याची नस आणि जबड्याची नस एकच. कान घाबरला की तो सारखा आखडतो, मग कान भरल्यासारखा वाटतो, आत फडफडतं, जबडा आणि गाल दुखतो. दुखण्यामागं आणखी कारणं असू शकतात, त्यावर अजून अभ्यास चालू आहे, पण तुझी जबड्याची जळजळ मला तरी या स्नायूकडची वाटते. रात्री दात खातोस का हे आईला विचार, आणि खात असशील तर दातांच्या डॉक्टरांना दाखव, तिथं निम्मा गुंता सुटलेला मी बघितलाय.

आणि आता मुद्द्याचं, प्लग. रस्त्यावर घाल, मिरवणुकीत घाल, मिक्सर लावताना घाल. घरात बसून, झोपताना, दिवसभर नको. कान झाकून ठेवला की मेंदू अजून व्हॉल्यूम वाढवतो आणि मग प्लग काढला की कालचाच आवाज आज मोठा. हे माझ्या मनाचं नाही, २००३ साली अमेरिकेत धडधाकट कानाच्या माणसांना दोन आठवडे प्लग घालायला लावून बघितलं, त्यांचीसुद्धा आवाज सोसायची ताकद कमी झाली, आणि ज्यांच्या कानात तेवढेच दिवस हलकी खरखर सोडली होती त्यांची वाढली. पण म्हणून आज सगळं पत्र वाचून प्लग फेकून देशील आणि संध्याकाळी महाद्वारात जाशील, तसलं काही करू नकोस! तुझं दुखणं उशिरा येतं, सकाळचा आवाज संध्याकाळी वसूल होतो, त्यामुळं 'सोसलं की' म्हणून पुढं जायचं नाही. घरात दहा मिनिटं प्लग काढ, फॅन लावून. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ठीक असलास तर पंधरा मिनिटं. दुखलं तर दोन दिवस मागं ये, त्यात हार बिर काही नाही. पहाटे सहाला रंकाळ्यावर फिरायला जा, पाण्याचा, पाखरांचा आवाज असतो आणि हॉर्न नसतात, आठच्या आत परत ये. इअरफोन मात्र बंद, हळू आवाजातपण सध्या नको. काळजी वाटून झोप उडाली असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडं जायला लाजू नकोस. तिथं वर्तन थेरपी करतात, तिनं आवाजाची धास्ती कमी होते आणि दुखणं सोसायला बळ येतं. याचा अर्थ दुखणं मनाचं होतं असा नाही. हे कमी व्हायला आठवडे नाही, महिने लागतात, आणि यावर म्हणून काही खास गोळी अजून तरी नाही, कोणी विकत असेल तर खिशात हात घालू नकोस.

मित्रांना हे पान वाचायला दे.

प्रश्न : ताई, आमचे हे शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत फेटलिंगला (ओतलेला माल ग्राइंडरनं घासून साफ करायला) आहेत, सोळा वर्षं झाली. घरी टीव्ही इतका मोठा लावतात की शेजारी ऐकतात, आणि पोरगं जरा मोठ्यानं बोललं की कानावर हात ठेवून ओरडतात. ऐकू येत नाही की जास्त येतंय, काय समजायचं? भांडणं व्हायला लागलीत घरात.

उत्तर : वहिनी, दोन्ही खरं आहे, ते लबाडी करत नाहीयेत. हे वरच्या मुलासारखं नाही. ग्राइंडरच्या आवाजानं बारीक आवाज टिपणाऱ्या पेशी गेल्या, म्हणून हळू बोललेलं कानापर्यंत पोचतच नाही, पण मोठा आवाज जसाच्या तसा पोचतो, मधली जी चढण असते तीच नाहीशी होते, म्हणजे 'ऐकू येत नाही' आणि 'ओरडू नको' यात एक पायरीच राहत नाही. पोराला सांगा की बाबांच्या समोर येऊन, तोंड दिसेल असं, सावकाश बोल, मोठ्यानं नको. कानाचं मशीन बसवायचं ठरलं तर मोठा आवाज आपोआप आवरणारं डिजिटल घ्या आणि ऑडिओलॉजिस्टकडनं बसवून घ्या, जाहिरात बघून मागवलेलं नको, ते सगळंच सरसकट वाढवतं आणि माणूस आठवड्यात कपाटात टाकतो.

कामाचं म्हणाल तर आपल्याकडच्या नियमात ९० डेसिबल ८ तास ही मर्यादा आहे आणि आवाजानं आलेला बहिरेपणा हा कायद्याच्या यादीतला व्यावसायिक आजार आहे, त्यामुळं तपासणीचे सगळे कागद तारखेसकट जपून ठेवा. प्लग मिळतात पण घालतात कसे ते विचारा त्यांना, कारण बहुतेकजण नुसता कानाच्या तोंडाशी चिकटवतात. बोटांत गोल वळून बारीक करायचा, दुसऱ्या हातानं कान वर आणि मागं ओढायचा, आत सरकवून अर्धा मिनिट दाबून धरायचा. कापसाचा बोळा म्हणजे काहीच न घातल्यासारखं.

प्रश्न : मिरवणुकीनंतर कान दुखतोय, सासूबाई लसूण घालून कोमट तेल सोडा म्हणतात. सोडू का?

उत्तर : नको. मिरवणुकीनंतरचं असलं दुखणं पडद्याच्या पलीकडं, आत असतं, तेल पडद्याच्या अलीकडंच राहतं, आणि पडद्याला भोक असेल तर तेच तेल आत जाऊन पू होतो. सासूबाईंना सांगा लसूण आमटीत चालेल. मात्र एक गोष्ट थट्टेवारी नेऊ नका : एका कानाचं ऐकू येणं अचानक कमी झालं, भिंगरी आली, तर गणपती झाल्यावर बघू, सोमवारी बघू असं करायचं नाही, त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडं किंवा सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात) जायचं. असल्या बहिरेपणात स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या काही दिवसांतच चांगला होतो, उशीर झाला की संधी गेली. मळ, इन्फेक्शन, अर्धशिशी, तोंड एका बाजूला वाकणं, यांनीसुद्धा आवाज सोसत नाही, म्हणून एकदा तपासणं बरं.

प्रश्न : मुलगी बारा वर्षांची, मंडप आमच्या दारातच, साऊंड लावला की कानात दुखतं म्हणून रडते. मंडळाची पोरं ओळखीचीच, तक्रार कशी करायची?

उत्तर : ओळखीची आहेत म्हणूनच आधी बोला, आणि गणपती बसायच्या आधी बोला, मिरवणुकीत रंगात आलेल्या माणसाला डेसिबल समजत नाही. मागणी सरळ ठेवा : पेट्यांची तोंडं घराकडं नको आणि रात्री दहाला बंद. नियम २००० सालापासून आहे, राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद, वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सरकार १२ पर्यंत सूट देऊ शकतं, आणि दवाखाना, शाळा, कोर्टाभोवती सरकारनं जाहीर केलं असेल तर १०० मीटर शांतता क्षेत्र. ऐकलं नाहीच तर ११२ ला फोन करा.

मी स्वतः हलगी वाजली की पाय धरवत नाही अशी बाई आहे, त्यामुळं मला सणाचा राग आहे असं कोणी समजू नका. मुलीसाठी मफ घ्या, लहान मुलांच्या मापाचे मिळतात, साऊंड चालू असेल तेवढाच वेळ घालायचे आणि बंद झाला की काढायचे. तिची खोली मागच्या बाजूला असेल तर त्या दहा दिवसांत तिथं झोपवा, फॅन चालू ठेवून. मिरवणुकीच्या दिवशी सरळ आजोळी पाठवा.