लायब्ररीचं सेशन नेमकं कधी ठेवायचं?

प्रश्न : मी कोल्हापुरात विद्यापीठाच्या लायब्ररीत काम करते. दर जुलैत एमएच्या ६० पोरांना संदर्भ कसे शोधायचे ते दाखवायचं सेशन घेते, सगळी माना डोलावतात आणि डिसेंबरात परत तेच विचारायला येतात. काय चुकतंय?

उत्तर : ताई, शिकवणं नाही, टायमिंग चुकतंय. जुलैत पोरांना शोधायचंच काही नसतं ओ, मग डोक्यात राहणार कसं? प्रोजेक्टचा विषय ठरला की त्याच आठवड्यात सेशन ठेवा, त्यासाठी सरांकडून तारखा सेमिस्टरच्या आधीच घ्या आणि त्यांच्याच तासात बसवा, जादा तासाला गगनबावड्याच्या एसटीची पोरं थांबत नाहीत. २०-२०च्या बॅच करा. निम्मा वेळ माउस त्यांच्या हातात द्या, शोधगंगेवर, म्हणजे पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यात, आपल्या विषयाचे दोन प्रबंध प्रत्येकानं शोधून दाखवायचे, बास. जर्नलं पुढच्या वेळी.