चाळीस नावांच्या यादीला उत्तर

प्रिय पोरी,

विस्मरणात गेलेल्या बायकांवर पुस्तिका काढायच्या म्हणून केलेली तुझी यादी मिळाली. चाळीस नावं, प्रत्येक नावाआधी एक विशेषण आणि खाली तुझी ओळ, की 3 जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, सगळं छापून हातात हवं. उत्साह आवडला. यादी नाही आवडली.

ती विशेषणं एकदा ओळीने वाच. तेजस्विनी, रणरागिणी, त्यागमूर्ती, पुन्हा तेजस्विनी. नावांवर हात ठेवला तर कोणती बाई कोण हे तुलाही सांगता येणार नाही. बाई विस्मरणात जाते ती नाव पुसल्यामुळेच असं नाही. नाव पाटीवर राहतं आणि बाई निघून जाते, हेही होतं. आपल्या सोलापुरात तर फारच होतं.

विद्यापीठाला 2019 पासून अहिल्यादेवींचं नाव आहे. त्यांची ओळख तरी करून द्यावी लागत नाही. पण महिला महाविद्यालयाच्या पाटीवरच्या लक्ष्मीबाई भाऊराव पाटील कोण, हे आतल्या मुलींना विचारून बघ. 'कर्मवीरांच्या पत्नी' एवढं उत्तर येईल. साताऱ्याच्या बोर्डिंगात जातीपातीची पोरं एका पंगतीला बसवून त्यांना जेवू घालणं, त्यासाठी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही देणं, हे त्या बाईने केलं. 1930 साली त्या गेल्या. रयत शिक्षण संस्थेचा डोलारा उभा राहिलेला त्यांना बघायलाच मिळाला नाही.

आणि कुंभारीची वसाहत. विडी कामगार बायकांसाठी 10,000 घरं, 2006 साली पंतप्रधान येऊन गेले, नाव दिलं गोदूताई परुळेकरांचं. तिथल्या पोरींच्या आधार कार्डावर, शाळेच्या दाखल्यावर गोदूताई आहेत, पण पत्ता म्हणून. गोदूताई कायदा शिकलेल्या, पुण्यात वाढलेल्या. 1945 पासून ठाणे जिल्ह्यात वारल्यांच्या वेठबिगारीविरुद्ध उभ्या राहिल्या आणि पुढे त्यावर 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक लिहिलं. त्याला 1972 चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. त्या लढ्यात एक मागणी होती, 500 पौंड गवत कापलं की अडीच रुपये मजुरी. हजार विड्यांमागे किती मिळतात हे रोज मोजणाऱ्या घरात हा आकडा नुसता वाचून दाखव. तिथे 'रणरागिणी' म्हणायची गरजच पडणार नाही. म्हणून माझी पहिली अट: विशेषण काढ आणि त्या जागी काम लिही. काय केलं, कुठे केलं, पैसे कोणी दिले, अडवलं कोणी.

दुसरं, 'पहिली'चा सोस सोड. तुझ्या यादीत कितीजणी फक्त 'पहिली' म्हणून आल्या आहेत! पहिली वकील, पहिली डॉक्टर, पहिली संपादक. शाळेच्या सामान्यज्ञान स्पर्धेला ते ठीक आहे. आनंदीबाई जोशी 1886 साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि 1887 च्या फेब्रुवारीत, बावीस पूर्ण व्हायच्या आत गेल्या. कोल्हापूरच्या दवाखान्यात नेमणूक झाली होती, रुग्ण तपासायची वेळच आली नाही. रखमाबाईंचं बघ. लहानपणी लावून दिलेल्या लग्नात नांदायला नकार दिला म्हणून कोर्टात उभ्या राहिल्या, वर्तमानपत्रात टोपणनावाने पत्रं लिहिली, लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि परत येऊन सुरत-राजकोटला वर्षानुवर्षं बायकांची बाळंतपणं केली. 1955 पर्यंत जगल्या. तुझ्या यादीत रखमाबाई नाहीत, कारण 'पहिली' ही जागा आधीच भरलेली होती. दोघींना एका पुस्तिकेत घे. एकीला वेळ मिळाला नाही, दुसरीला मिळाला, आणि त्यातून काय काय झालं हे शेजारी शेजारी ठेव.

आनंदीबाईंवर लिहिताना गोपाळरावांना 'आदर्श पती' करून टाकू नकोस. त्यांनी शिकवलं हे खरं आणि हात उचलला हेही खरं, तेही आनंदीबाईंच्याच पत्रात आहे. काशीबाई कानिटकरांनी चरित्र लिहिताना ही पत्रं जपली म्हणून आपल्याला कळलं. एका बाईने दुसऱ्या बाईचं चरित्र लिहायचं, तेही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस! काशीबाईही तुझ्या यादीत नाहीत बरं का.

आता मुख्य गोष्ट. जिने स्वतः काही लिहून ठेवलं आहे तिच्यापासून सुरुवात कर. तिच्याविषयी इतरांनी लिहिलेलं नंतर वाच, किंवा नाही वाचलंस तरी चालेल.

आपल्याच जिल्ह्यातल्या शांताबाई कृष्णाजी कांबळे घे. 1923 साली सांगोल्याकडच्या महूदला जन्म, महार कुटुंबात. शिक्षिका झाल्या, नोकरी केली, निवृत्त झाल्यावर लिहायला बसल्या. 'माज्या जल्माची चित्तरकथा' 1986 साली पुस्तकरूपात आलं, मुंबई दूरदर्शनवर त्याची 'नाजुका' ही मालिका झाली, पुढे फ्रेंचमध्येही गेलं. दलित स्त्रियांच्या आत्मकथनांचा विषय निघाला की महाराष्ट्रभर हे नाव येतं. सोलापुरात मात्र किती शाळांच्या ग्रंथालयांत ते पुस्तक आहे, हे तूच फिरून बघ. त्यात भाकरीचा हिशोब आहे, शाळेत कुठे बसवलं ते आहे, पगार झाल्यावर घरात काय बदललं ते आहे. मला विचारशील तर तुझी पहिली पुस्तिका हीच. चाळीस नकोत, चार पुरेत, आणि चारांतली ही पहिली.

मुक्ता साळवेचा निबंध तर तासाभरात वाचून होतो. जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली विद्यार्थिनी, 1855 साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिते. त्या पोरीने देवाला, धर्माला, पेशवाईला जे प्रश्न विचारलेत ते आजच्या आठवीच्या वर्गात मोठ्याने वाच आणि बाजूला बस. समजावून सांगू नकोस. शिक्षकांची ती खोड असते, तुला माहीत आहे कोणाकडून लागली ती.

बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांचं 'स्त्रीपुरुष तुलना' 1882 चं. सुरतेच्या एका विधवेला भ्रूणहत्येबद्दल शिक्षा झाली, वर्तमानपत्रांनी सगळ्या बायकांच्या नीतीवर तोंडसुख घेतलं, तेव्हा ही बाई संतापून लिहायला बसली. जोतिरावांनी पाठराखण केली. त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक नाही. जवळजवळ शंभर वर्षं हेही कोणाच्या लक्षात नव्हतं, 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा छापलं तेव्हा ते लोकांसमोर आलं. तुझ्यासारखीने पुस्तिका काढायची ती यासाठी. कुठल्या तरी कपाटात एक प्रत शिल्लक असते आणि कोणीतरी ती पुन्हा छापावी लागते.

मंगळवेढा तर तासा-दीड तासाच्या अंतरावर. चोखोबांचं गाव म्हणून आपण जातो. त्यांच्या पत्नी सोयराबाईंसाठी कोण जातं? 'अवघा रंग एक झाला' किशोरीताईंच्या आवाजात ऐकून डोळे मिटणाऱ्या दहाजणांना विचार अभंग कोणाचा. तुकोबा म्हणतील, चोखोबा म्हणतील. आणि गंमत बघ, तिने स्वतः अभंगाखाली सही केली तीही 'चोखियाची महारी' अशी. कान्होपात्राही मंगळवेढ्याचीच. तिच्याबद्दल मात्र जपून लिही. गणिकेची मुलगी, बिदरच्या बादशहाचं बोलावणं, पंढरपूरच्या देवळात प्राण सोडणं, हे सगळं आख्यायिकांतून आलेलं आहे. अभंग आहेत, ते छाप, आणि कथेच्या आधी 'असं सांगतात' हे दोन शब्द न विसरता लिही.

तेच सावित्रीबाईंच्या सहकारी फातिमा शेख यांच्याबाबत. 1856 सालच्या सावित्रीबाईंच्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे, कामाचा भार पडला तरी कुरकुर करणार नाही अशा अर्थाचा. मोबाइलवर तुला त्यांची जन्मतारीख मिळेल, फोटो मिळेल, संवादसुद्धा मिळतील. पत्रात आहे तेवढंच घे. अर्ध्या पानाची फातिमा खरी असेल तर ती पुरते. फुगवलेली फातिमा उद्या कोणीतरी खोडून काढेल आणि तिच्याबरोबर ते अर्धं पानही जाईल.

आता तुझ्या यादीत नसलेलं आणि मला फार हवं असलेलं एक नाव. भैय्या चौकातलं डॉ. कोटणीसांचं स्मारक तू शाळेच्या सहलीत पाहिलंयस. 1938 साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांपैकी एक, तिथेच 1942 च्या डिसेंबरात वारले, वय बत्तीस. हे आपल्याकडे रिक्षावालाही सांगतो. त्यांची पत्नी ग्वो छिंगलान ही त्याच युद्धात, त्याच दवाखान्यांच्या कामात होती, परिचारिकांना शिकवत होती. 1941 मध्ये लग्न, पुढच्या वर्षी मुलगा, आणि मूल काही महिन्यांचं असताना नवरा गेला. शांतारामबापूंनी 1946 मध्ये सिनेमा काढला त्यात ती जयश्रीबाईंच्या चेहऱ्याने आली, आणि आपल्या लोकांच्या मनात तशीच राहिली. खरी ग्वो छिंगलान त्यानंतर साठाहून अधिक वर्षं जगली, भारतात येऊन गेली, कोटणीसांबरोबरच्या दिवसांवर आठवणींचं पुस्तक लिहिलं आणि 2012 साली वारली. सोलापूरची सूनच की ती! बत्तीस वर्षांच्या आयुष्यावर आपण भाषणं करतो. शहाण्णव वर्षांच्या आयुष्यावर एक पान नाही. ते पान तू लिही. मराठीत फारसं हाताशी लागणार नाही, इंग्रजी वाचावं लागेल, त्याला कंटाळू नकोस.

हे झालं पुस्तकांतून शोधायचं. ज्यांनी काहीच लिहिलं नाही त्यांच्याकडे जावं लागतं. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना गाठून, त्यांच्याशी बोलून 1989 मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' काढलं. सुरुवात करण्याआधी ते वाच, प्रश्न कसे विचारायचे ते कळेल. प्रत हिराचंद नेमचंद वाचनालयात विचार, नसेल तर माझ्याकडची ने, पण परत आण.

शहराच्या पूर्व भागात, तेलुगू बोलणाऱ्यांच्या वस्तीत जाशील तेव्हा तेलुगू येणारी मैत्रीण बरोबर ने. म्हाताऱ्या बायका मराठी बोलतात, पण जुनं आठवायला लागल्या की तेलुगूत जातात आणि तुझ्या हाती अर्धंच लागतं. सुपातल्या विड्या वळता वळताच त्या बोलतात. त्यांना 'तुमचा संघर्ष सांगा' म्हणू नकोस, गप्प बसतील. कारखान्याचं कार्ड कोणाच्या नावावर होतं, विड्या नापास झाल्या तर काय व्हायचं, मोर्चाला गेलात त्या दिवशी चूल कोणी पेटवली, असं विचार. गिरण्यांतल्या बायकांना, चादरीच्या मागासाठी घरी कांड्या भरणाऱ्यांनाही असंच. "मी काय केलं, सगळ्या गेल्या म्हणून गेले," हे उत्तर हमखास येईल. ते खोटं समजून पुढे सरकू नकोस आणि नम्रता समजून कौतुकही करू नकोस. 'सगळ्या' म्हणजे कोण, एवढंच विचार. पाच नावं निघतात.

नावांचंही एक बघ. माहेरचं नाव, सासरचं नाव, लग्नात बदललेलं पाळण्यातलं नाव, तिन्ही लिहून घे. जुन्या सभांच्या वृत्तांतात आणि देणगीच्या याद्यांत बायका 'अमक्यांच्या पत्नी' म्हणून सापडतात. माहेरचं नाव ठाऊक नसेल तर शाळेच्या जुन्या रजिस्टरात ती समोर असूनही दिसणार नाही. आणि हयात बाईचं नाव छापायच्या आधी तिला मजकूर वाचून दाखव. ती 'हे काढ' म्हणाली तर काढायचं, मग तुला ते कितीही प्रिय असो.

छपाईचं थोडक्यात. एका फॉर्मची, म्हणजे 16 पानांची पुस्तिका कर, पिना मारून. अक्षर मोठं ठेव, आज्या वाचणार आहेत. ज्यांच्या मृत्यूला 60 वर्षं होऊन गेली त्यांचं लेखन मोकळं असतं, त्यामुळे ताराबाई, मुक्ता, लक्ष्मीबाई टिळक यांचे उतारे बिनधास्त घे. गोदूताई 1996 साली गेल्या, तिथे प्रकाशकाची परवानगी लागेल. शांताबाईंच्या पुस्तकालाही. पत्र आजच लिही, उत्तराला वेळ लागतो. फुकट वाटू नकोस. दहा रुपये का होईना, किंमत ठेव. फुकट मिळालेली पुस्तिका गड्ड्याच्या जत्रेत शेंगा बांधायला जाते, मी पाहिलंय.

3 जानेवारीचा हट्ट सोड. तयार होईल तेव्हा काढ, मार्च असो की आषाढ. प्रकाशनाला पुढारी बोलावू नकोस. कुंभारीतली एखादी आठवी-नववीतली पोर उभी कर आणि तिला दोन पानं वाचू दे.

शांताबाईंवरचा कच्चा मजकूर आधी पाठव. टाईप करू नकोस, हाताने लिही, एका बाजूलाच, आणि डावीकडे मोठा समास सोड. मला खोडायला जागा लागते.

तुझ्या,
बाई
सोलापूर