‘उच्च दर्जाच्या सोन्याचा राखीव साठा’ म्हणजे काय?

लक्ष्मी रस्त्यावरच्या एका पेढीत हिशेब पाहणाऱ्या वाचकांचा प्रश्न आहे : खाणींच्या बातम्यांत ‘उच्च दर्जाच्या सोन्याचा राखीव साठा’ असं छापून येतं. हा दर्जा म्हणजे कॅरेट का? आणि जमिनीतला साठा राखून कोणी ठेवला?

दोन्ही शंका रास्त आहेत. आधी दर्जा. खाणकामात ‘ग्रेड’ असते ती दगडाची. एक टन धातुकात, म्हणजे ज्यातून धातू काढतात त्या दगडात, किती ग्रॅम सोनं आहे, एवढंच ती सांगते. टनाला ५ ग्रॅम म्हणजे दहा लाख भागांत पाच भाग. कॅरेट हे शुद्धतेचं माप; त्याचा प्रश्न सोनं गाळून शुद्ध करताना येतो. ‘दर्जा’ म्हटलं की वाचकाला मालाची प्रत आठवते आणि अर्थ तिथेच भरकटतो.

मला इथे ‘कस’ हा शब्द फार चपखल वाटतो. जमिनीचा कस म्हणजे तिची देण्याची ताकद. धातुकाचा कसही तसाच. मात्र ‘धातुकाचा कस’ असं पूर्ण लिहावं, कारण नुसतं ‘सोन्याचा कस’ म्हटलं की सराफाच्या कसोटीचा दगड डोळ्यांपुढे येतो. ‘धातुक’ शब्द शालेय पुस्तकांतला आहे, तो वापरायला संकोच नको. ‘खनिज’ त्याची जागा घेऊ शकत नाही. गारगोटीही खनिजच आहे; ज्यातून धातू काढणं परवडतं तेच धातुक.

हा कस ठरवताना भोक पाडून दगडाचे लांबट नमुने काढतात, तुकडे करून प्रत्येकातलं सोनं तपासतात. सरासरी मात्र लांबीच्या प्रमाणात काढावी लागते. एक मीटरच्या तुकड्यात टनाला २० ग्रॅम आणि पुढच्या चार मीटरांत १ ग्रॅम असेल, तर सरासरी साडेदहा नव्हे, ४.८ येते. सोन्याचा एखादा जाड कण नमुन्यात आला की आकडा उगाच फुगतो, म्हणून फार मोठे आकडे छाटूनच हिशेबात धरण्याची पद्धत आहे. बातमीत ‘अमुक ग्रॅमचा कस लागला’ असं असेल तर किती मीटर लांबीवर, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आता ‘राखीव’. हे ‘रिझर्व्ह’चं शब्दशः भाषांतर आहे आणि ते चुकीचं आहे. जमिनीत जे आहे असा पुराव्यानिशी अंदाज बांधला, आणि पुढेमागे काढणं परवडेल अशी वाजवी आशा आहे, ते ‘रिसोर्स’. त्यातलं खोदाईचा खर्च, वाया जाणारा भाग, सोन्याचा भाव, परवाने हे सगळं तपासून खरोखर काढता येईल असं ठरतं, ते ‘रिझर्व्ह’. पुणेकर दर पावसाळ्यात खडकवासला साखळीतल्या धरणांचा ‘उपयुक्त साठा’ वाचतात. तळाचा मृतसाठा त्यात धरत नाहीत, हेही त्यांना ठाऊक असतं. तोच विवेक इथे हवा. मी पहिल्याला ‘अंदाजित संपत्ती’ आणि दुसऱ्याला ‘काढण्याजोगा साठा’ म्हणेन.

हा काटेकोरपणा का हवा, याचं उदाहरण २०२० च्या फेब्रुवारीत घडलं. उत्तर प्रदेशातल्या सोनभद्रला तीन हजार टनांहून जास्त सोनं सापडल्याच्या बातम्या आल्या. मग भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने खुलासा केला : सोन पहाडी भागात ५२,८०६.२५ टन धातुक आहे, सरासरी कस टनाला ३.०३ ग्रॅम. गुणाकार करून पाहा, सोनं येतं सुमारे १६० किलो. आजच्या दहा ग्रॅमच्या तोळ्याने १६ हजार तोळे. हे थोडं नाही, पण तीन हजार टनांपुढे काहीच नाही. ‘टन’ धातुकाचे की सोन्याचे, हे वाक्यात स्पष्ट असायलाच हवं.

तेव्हा आपलं वाक्य मी असं लिहीन : ‘या प्रकल्पात इतके टन धातुक असल्याचा अंदाज असून त्याचा सरासरी कस टनाला इतके ग्रॅम आहे, त्यापैकी काढण्याजोगा साठा अजून ठरलेला नाही.’ तो ठरला असेल तर शेवटचा तुकडा बदलून आकडा द्यावा. आणि सोनं औंसांत दिलेलं असेल तर तो ट्रॉय औंस धरावा, ३१.१ ग्रॅमचा, किराण्याचा २८.३५ ग्रॅमचा नव्हे.