पीएनपी आणि एनपीएन सेन्सरमध्ये फरक काय, आणि पीएलसीला कोणता जोडावा?

वस्तू समोर आल्याचे ओळखणाऱ्या सेन्सरच्या आउटपुटचे हे दोन प्रकार आहेत. आउटपुट चालू झाल्यावर पीएनपी सेन्सरच्या काळ्या, म्हणजे आउटपुटच्या, तारेवर पुरवठ्याचे धन व्होल्टेज, म्हणजे सहसा २४ व्होल्ट, येते, तर एनपीएनमध्ये तीच तार शून्य व्होल्टला जोडली जाते. म्हणून पीएलसीच्या (यंत्र चालवणाऱ्या औद्योगिक नियंत्रकाच्या) इनपुटचा कॉमन, म्हणजे अनेक इनपुटचे सामाईक टोक, पहिल्यासाठी शून्याला आणि दुसऱ्यासाठी धन बाजूला जोडावा लागतो. आयईसी ६०९४७-५-२ या मानकानुसार तीन तारांच्या, नॉर्मली ओपन (वस्तू नसताना आउटपुट बंद असलेल्या) डीसी सेन्सरमध्ये तपकिरी तार धन, निळी ऋण आणि काळी आउटपुटची असते. निवडीला वाव असेल तर पीएनपी घ्यावा, कारण ऋण बाजू अर्थिंगला (जमिनीला) जोडलेली असताना एनपीएनची सिग्नल तार सोलून यंत्राच्या सांगाड्याला टेकली, तर समोर वस्तू नसतानाही इनपुट चालू दिसतो. अनेक पीएलसी दोन्ही प्रकार स्वीकारतात, मात्र एकाच कॉमनवर ते मिसळता येत नाहीत.